त्वचा पाहणारे यंत्र आणि कारागिराचे हात

मोबाईलचा कॅमेरा अंगावरच्या चट्ट्यासमोर धरायचा, बटण दाबायचे आणि रोगाचे नाव पडद्यावर वाचायचे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाने जे तंत्र सध्या सर्वत्र गाजत आहे, त्याला वैद्यकात शिरण्यासाठी सर्वांत सोपा दरवाजा त्वचारोगाचा सापडला. कारण उघड आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंड शरीराच्या आत असतात. कातडी बाहेर असते. तिचा फोटो कोणीही, कोठेही, फुकटात काढू शकतो.

व्यापाराच्या पानावर रोगाची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर एवढेच की दुकानदाराचे भांडवल गल्ल्यात असते आणि कारागिराचे भांडवल त्याच्या हातांत असते. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी चमकवणारा पॉलिशवाला, इमिटेशन दागिन्यांवर मुलामा चढवणारा, मीरा रोडच्या नव्या इमारतींवर प्लास्टर करणारा गवंडी, नया नगरच्या सलूनमध्ये केसांना डाय लावणारा आणि ईदच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत मेहंदी काढणारी मुलगी, या सर्वांचे पोट हातांवर चालते. त्या हातांना खाज सुटली, भेगा पडल्या, पाणी येऊ लागले की पहिल्या आठवड्यात दुर्लक्ष होते, दुसऱ्या आठवड्यात औषधाच्या दुकानातून ट्यूब येते आणि दोन-तीन वर्षांनी कसबी माणूस आपला धंदा सोडून वॉचमनची नोकरी शोधतो. आता या साखळीत ट्यूबच्या आधी मोबाईल येऊ पाहत आहे. म्हणून हा विषय आमच्या पानाचा आहे.

प्रथम यंत्राची बाजू नीट मांडली पाहिजे. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्वचेची १,२९,४५० चित्रे संगणकाला दाखवली. त्यांत दोन हजारांहून अधिक रोगांचे नमुने होते. नंतर कातडीचा कर्करोग ओळखण्याच्या परीक्षेत या संगणकाला २१ त्वचारोगतज्ज्ञांसमोर उभे केले आणि तो त्यांच्या बरोबरीने उतरला. तेव्हापासून जगभर या दिशेने धाव सुरू झाली. आपल्या देशातही काम झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांचा सहभाग असलेली एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच हजारांवर रुग्णांवर चाळीस नेहमीच्या त्वचारोगांसाठी एक मोबाईल यंत्रणा तपासली गेली. तिचे पहिलेच उत्तर सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर आले आणि पहिल्या तीन उत्तरांत खरा रोग सुमारे ९० टक्के वेळा सापडला. सोलापूरला लागून असलेल्या विजयपूरच्या, म्हणजे जुन्या विजापूरच्या, वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी टायबॉट नावाचे अ‍ॅप ६०० रुग्णांवर तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नेमके निदान सुमारे ८० टक्के आणि पहिल्या तीन उत्तरांत मिळून ९६ टक्के बरोबर आढळले.

हे आकडे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ शहरात बसतात आणि रुग्ण सर्वत्र असतात. तपासणीची फी आणि बुडालेली रोजंदारी यांचा हिशेब करणाऱ्या माणसाला खिशातला फोन जवळचा वाटला तर दोष त्याचा नाही. यंत्र वाईट आहे, त्यापासून दूर राहा, असे सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे यंत्र कातडीकडे पाहते, पण तुम्ही काम काय करता हे बहुधा विचारत नाही. आणि कारागिराच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला आहे.

यंत्राला रोग कळत नाही, चित्रांतील साम्य कळते. हजारो चित्रांना माणसांनी नावे दिलेली असतात. नवे चित्र त्यांतल्या कोणाशी जुळते ते यंत्र सांगते. कधी कधी ते भलत्याच गोष्टीवरून ओळखते. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी पुढे सांगितले की चित्रात मोजपट्टी असेल तर त्यांचा संगणक डागाला कर्करोग म्हणण्याकडे झुकत होता. कारण डॉक्टर संशयास्पद डागाशेजारीच मोजपट्टी ठेवून फोटो काढतात. यंत्राने रोगाबरोबर पट्टीही पाठ केली. आता आमच्या पॉलिशवाल्याचा तळहात डोळ्यांपुढे आणा. रेषांत मुरलेला काळा मळ, नखांच्या कडेला बसलेली धातूची भुकटी, जागोजागी घट्टे. असे तळहात त्या लाखभर चित्रांत कितीसे असणार?

समजा, यंत्राने नाव बरोबर सांगितले. पडद्यावर आले, इसब. डॉक्टरी भाषेत एक्झिमा. पुढे काय? इसब हे कातडीच्या रागाचे नाव आहे, त्या रागाच्या कारणाचे नव्हे. निकेलने होणारे इसब, सिमेंटने होणारे इसब, केसांच्या डायने होणारे इसब आणि रोज संध्याकाळी रॉकेलने हात धुतल्यामुळे होणारे इसब हे चारही फोटोत जवळजवळ सारखेच दिसतात. उपाय मात्र चौघांचे वेगळे आहेत.

आपल्याच मातीतील दोन जुनी उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विशिष्ट जागी पुरळ आणि फोड उठू लागले. नुसत्या कातडीकडे पाहून कारण सापडण्यासारखे नव्हते. ते सापडले धोब्याच्या दोरीवर. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून धोबी कॉलरवर आणि कमरपट्टीवर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत असे आणि ती खूण जेथे अंगाला लागे तेथेच फोड येत. १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी हे लिहून ठेवले. बिब्बा उततो हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होते, ही गोष्ट निराळी.

दुसरे उदाहरण गाजरगवताचे. हे परदेशी तण आपल्या देशात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले. पुढे शेतात राबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत चिवट इसब दिसू लागले. पुण्याकडच्या डॉक्टरांनी रुग्णाला शेताबद्दल, बांधाबद्दल, ऋतूबद्दल विचारले तेव्हा कातडीच्या रोगाचे मूळ रस्त्याच्या कडेच्या गवतात सापडले. त्या काळी आजचे यंत्र असते तर त्याने फोटो पाहून इसब असे अगदी अचूक उत्तर दिले असते आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधावर गेला असता.

आता आपल्या गाळ्यांकडे येऊ. इमिटेशन दागिन्यांत पितळेवर सोनेरी मुलामा देण्याआधी बहुधा निकेलचा थर दिला जातो. निकेल हे कातडीला वावडे निर्माण करणारे जगातील सर्वांत नेहमीचे धातुद्रव्य आहे. युरोपने १९९४ मध्येच अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल सुटावे यावर मर्यादा घातली. निर्यातीचा माल करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना हा नियम चांगला माहीत आहे, कारण मर्यादा ओलांडली की माल परत येतो. युरोपातील ग्राहकाच्या कानाची काळजी घेणारा नियम आपण पाळतो. तोच दागिना निकेलच्या हौदातून काढणाऱ्या कामगाराच्या बोटांचा विचार मात्र त्या नियमात नाही. सिमेंटची गोष्ट अशीच. ओले सिमेंट कातडी भाजते हे प्रत्येक गवंडी जाणतो. पण त्यात क्रोमियमचे क्षारही असतात आणि त्यांचे वावडे एकदा जडले की सुटत नाही. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिमेंटमध्ये लोहाचा क्षार मिसळून हे क्रोमियम निष्प्रभ करण्याचा नियम केला आणि २००५ पासून साऱ्या युरोपीय संघात दहा लाखांत दोन भाग ही मर्यादा लागू झाली.

सलूनवाल्यांचा आणि मेहंदीवाल्यांचा वैरी एकच आहे. त्याचे लांबलचक नाव पॅराफेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. काळ्या डायमध्ये ते असते आणि झटपट गडद रंग देणाऱ्या तथाकथित काळ्या मेहंदीतही ते मिसळलेले सापडते. शुद्ध मेहंदीचा पाला तांबूस रंग देतो, काळा नव्हे, एवढी एकच गोष्ट गिऱ्हाईक स्त्रियांना माहीत असली तरी पुष्कळ त्रास टळेल. पीपीडीचे वावडे जडले की नवरीच्या हातावर नक्षीच्या रेषांवरूनच फोड उठतात, आणि मेहंदी काढणारीच्या बोटांवर तर ते वर्षभर राहतात.

येथे एक गोष्ट प्रत्येक कारागिराने मनाशी पक्की धरावी. नुसत्या घासण्याने, ओलाव्याने किंवा साबणाने झालेले इसब हातांना विश्रांती दिली की बरे होऊ शकते. वावड्याचे तसे नाही. शरीराने एकदा निकेलला किंवा क्रोमियमला शत्रू मानले की ते वैर बहुधा जन्मभर टिकते. म्हणजे वेळ आहे ती सुरुवातीच्या काही महिन्यांत. त्या काळात कारण सापडले, कामाची पद्धत बदलली, तर माणूस धंद्यात टिकतो. त्या काळात इसब असे नाव वाचून ट्यूब लावत बसला तर खाज दबते, काम चालू राहते आणि आत वैर मुरत जाते. यंत्राचे उत्तर खोटे निघण्याची आम्हांस जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त भीती ते खरे निघून तेथेच शोध थांबण्याची वाटते.

ट्यूबचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट बोलू. गजकर्ण किंवा नायटा हा आज आपल्या देशातील फार मोठा त्रास आहे. दमट हवा, घट्ट कृत्रिम कपडे, भट्टीजवळचे काम, एका खोलीत अनेकांची झोप आणि एकच टॉवेल, एवढे सामान त्याला पुरते. पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिनोन्महिने जात नाही. या हट्टी बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जे नाव दिले त्यात इंडो हा शब्द आला, ही काही अभिमानाची बाब नाही. अनेक जाणकार त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेसाठी स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांच्या बेसुमार वापरालाही जबाबदार धरतात. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड अशी खिचडी एका ट्यूबमध्ये मिळते. लावल्याबरोबर खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातले. नियम झाला; काउंटरवर काय चालते ते वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता यात मोबाईल आणून ठेवा. यंत्राने फोटो पाहून गजकर्ण असे नाव दिले. शंभर टक्के बरोबर. गिऱ्हाईक तो पडदा दुकानदाराला दाखवते आणि तीच खिचडीची ट्यूब घेऊन घरी जाते. आमच्या वाचकांत औषधांचे दुकानदार आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की मोबाईलच्या पडद्यावरचे नाव ही चिठ्ठी नव्हे. मार्च २०२० मध्ये केंद्राने दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत स्पष्ट म्हटले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते, निर्णय डॉक्टरचा. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रोगनिदानासाठी विकले जाणारे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले. म्हणजे वजनकाट्याला जसा सरकारी शिक्का लागतो तसा कायद्याचा हात याही काट्यावर आहे. आणि काट्याचाच विचार करायचा तर व्यापाऱ्याने एक साधा प्रश्न विचारावा: हा काटा कोणाच्या दुकानातला आहे? चेहरा तपासून देणारी अनेक अ‍ॅप्स तपासणी फुकट करतात आणि शेवटच्या पानावर स्वतःचेच क्रीम विकतात. फुकट तपासणीमागे काय असते हे गिऱ्हाइकांशी रोज बोलणाऱ्याला शिकवण्याची गरज नाही.

रंगाचा प्रश्नही आहेच. यंत्राला शिकवलेली बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीची होती आणि त्यांतही कर्करोगाच्या काळ्या डागांवर भर होता, कारण पाश्चात्य देशांची ती चिंता आहे. आपल्याकडे तसला कर्करोग विरळा. आपल्याला नायटा, खरूज, इसब आणि कुष्ठरोग ओळखायचे असतात. गोऱ्या कातडीवर जी सूज लाल दिसते ती सावळ्या कातडीवर जांभळट, करडी किंवा नुसतीच गडद दिसते. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये निरनिराळ्या वर्णांची ६५६ चित्रे घेऊन नावाजलेल्या यंत्रणा तपासल्या तेव्हा गडद वर्णावर त्यांची कामगिरी घसरलेली आढळली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या प्रयोगात ३८९ त्वचारोगतज्ज्ञ आणि ४५९ सर्वसाधारण डॉक्टर यांना नुसते फोटो दाखवले. तज्ज्ञांची उत्तरे शंभरात ३८ आणि सर्वसाधारण डॉक्टरांची १९ बरोबर आली. गडद वर्णावर त्याहूनही चार टक्के कमी. यंत्राची मदत दिल्यावर दोघेही सुधारले, पण सर्वसाधारण डॉक्टरांच्या बाबतीत उजळ आणि गडद वर्णांतील अंतर उलट वाढले. आमच्या गल्लीतला डॉक्टर बहुधा या दुसऱ्या गटातला असतो, हे विसरून चालणार नाही.

या प्रयोगातील रंगभेद वर्तमानपत्रांनी उचलला, ते योग्यच झाले. आम्हांस मात्र त्यातला पहिला आकडा अधिक बोलका वाटतो. वर्षानुवर्षे कातडी पाहिलेल्या तज्ज्ञाला केवळ फोटो दिला तर तो शंभरातले ६२ वेळा चुकतो. तोच तज्ज्ञ आपल्या दवाखान्यात इतका का चुकत नाही? कारण तेथे तो बोट लावून पाहतो, मागून उजेड टाकतो, घरात आणखी कोणाला खाज आहे का विचारतो आणि काम काय करता हेही विचारतो.

बोट लावून पाहण्यावरून कुष्ठरोगाचा उल्लेख करणे भाग आहे. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून या रोगासाठी उभे आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले, पण रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता. महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात. याचा फिकट चट्टा खाजत नाही, दुखत नाही. शिबं किंवा सुरमा समजून लोक सोडून देतात. त्याची खरी खूण डोळ्यांना दिसत नाही: त्या जागी स्पर्श, गरम, गार कळेनासे होते. भट्टीजवळ किंवा गरम पत्र्याशी काम करणाऱ्याचा हात भाजतो आणि त्याला पत्ता लागत नाही. कॅमेऱ्याला हे कसे समजणार? ब्राझीलमध्ये कुष्ठरोग ओळखण्यासाठी जे यंत्र तयार झाले, त्याच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोटोंना रुग्णाची माहिती जोडली होती. अचूकता ९० टक्क्यांच्या आसपास गेली आणि निर्णायक ठरलेल्या खुणांत गरम-गार न कळणे आणि पायांना मुंग्या येणे या गोष्टी वर होत्या. म्हणजे यंत्रालाही शेवटी विचारपूसच करावी लागली. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर बोटे वाकत नाहीत. तेव्हा बधिर चट्टा असेल तर मोबाईल खिशात ठेवावा आणि सरळ दवाखाना गाठावा.

यंत्राच्या सल्ल्याची आणखी एक बाजू गाळ्यात उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. हातांना इसब म्हटले की जवळजवळ प्रत्येक अ‍ॅप सांगते, रबरी हातमोजे घाला. भांडी घासणाऱ्याला हा सल्ला ठीक आहे. गरगर फिरणाऱ्या बफच्या चाकासमोर बसलेल्या पॉलिशवाल्याने तो मानला तर मोजा चाकात अडकून बोट जाण्याचा धोका असतो. गवंड्याच्या मोज्यात ओले सिमेंट शिरले तर ते दिवसभर कातडीला चिकटून राहते आणि मोजा नसता त्यापेक्षा अधिक इजा होते. सलूनवाल्याने एकच पातळ मोजा धुऊन धुऊन आठवडाभर वापरला तर डाय आत झिरपतो. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा, नायट्राइलचा मोजा लागतो. रंगारी बांधवांची अडचण तर कोणत्याही यंत्राच्या खिजगणतीत नाही. जोहरच्या वेळी वजू करायचा तर हातावरचा ऑइलपेंट निघाला पाहिजे, म्हणून दिवसातून दोनदा थिनरने हात चोळले जातात. थिनर रंगाबरोबर कातडीचे तेलही ओढून घेते आणि भेगा पडतात. ओला ऑइलपेंट खोबरेल तेलाने आणि फडक्यानेही सुटतो. मग साधा साबण लावावा. वजूनंतर हात, विशेषतः बोटांच्या बेचक्या, नीट कोरड्या कराव्यात आणि थोडे तेल किंवा व्हॅसलिन चोळावे. एवढ्याने पुष्कळांचे हात सुधारतील.

कायद्याच्या बाजूनेही यंत्राचे उत्तर दुबळे आहे. रसायने आणि रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणारा त्वचादाह हा १९४८ च्या कारखाने कायद्यातील कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही त्याची नोंद ठेवली आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना राज्य विमा योजनेची वाट असते. पण नुकसानभरपाई मागायची तर हा रोग या कामामुळे झाला असे डॉक्टरने कागदावर लिहून द्यावे लागते. मोबाईलचा पडदा तेथे चालत नाही. जेथे चार-पाच माणसांचे गाळे आहेत आणि घरी बसून मणी ओवणाऱ्या, चिकटवणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांना तर तेवढाही आधार नाही. त्यांच्यासाठी वेळेवर कारण सापडणे हीच एकमेव भरपाई आहे.

मग यंत्राचा उपयोग करायचा की नाही? करावा, पण डॉक्टरकडे जाण्याआधीचा कागद म्हणून, औषधाच्या दुकानाकडे जाण्याची चिठ्ठी म्हणून नव्हे. फोटो उजेडात काढावा, एक जवळून आणि एक लांबून. पहिल्या दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा असे जपून ठेवावेत. चट्टा वाढतो की कमी होतो, सुटीत गावी गेल्यावर बरा होतो का, परतल्यावर पुन्हा उठतो का, हे त्यावरून डॉक्टरला कळते. अ‍ॅपने सांगितलेली नावे डॉक्टरला अवश्य दाखवावीत. आणि त्यांच्याखाली स्वतःच्या हाताने लिहावे: काम कोणते, किती वर्षे, हाताला काय काय लागते, संध्याकाळी हात कशाने धुतो. शक्य असेल तर डाय, मसाला, थिनर यांच्या डब्यावरील लेबलचा फोटो सोबत न्यावा. ही पाच ओळींची माहिती कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा डॉक्टरच्या अधिक कामी येईल.

आमच्या औद्योगिक वसाहतींच्या आणि व्यापारी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांकडेही एक मागणी आहे. रक्तदानाची, डोळ्यांची शिबिरे आपण भरवतो. वर्षातून एकदा हातांचे शिबिर भरवावे. त्वचारोगतज्ज्ञ बोलवावा, हवे तर त्याच्या मदतीला यंत्रही ठेवावे, पण नोंदवहीत पहिला रकाना कामाचा असावा. ज्यांची संमती असेल त्यांचेच फोटो घ्यावेत, नाव-पत्ता वेगळा ठेवावा आणि ते फोटो कोणाला, कशासाठी दिले जातील हे कारागिराला समजेल अशा भाषेत आधी सांगावे. फोटो हा आज माल आहे. तो तयार करणाऱ्याला त्याची किंमत माहीत असली पाहिजे. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केलेले आहे. अशा नोंदी जमल्या तर पुढची यंत्रे भाईंदरच्या पॉलिशवाल्याचा हात ओळखायला शिकतील. त्या नोंदी कोणी बाहेरचा येऊन गुपचूप जमवण्यापेक्षा आपण आपल्या अटींवर जमवलेल्या बऱ्या.

मालक बांधवांसाठी एक व्यावहारिक गोष्ट राहिली. नेमके वावडे कशाचे हे शोधणारी पॅच टेस्ट मोठ्या रुग्णालयांतून होते. निकेल, क्रोमियम, पीपीडी आणि इतर द्रव्यांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी ते काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते आणि घाम येईल असे जड काम करायचे नसते. म्हणजे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा तीन फेऱ्या आणि मधले दिवस हलके काम. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्याच फेरीला मजुरीच्या भीतीने जात नाही आणि तपासणी वाया जाते. त्या आठवड्याची मजुरी कापली जाणार नाही एवढे मालकाने सोमवारी सकाळीच सांगून टाकावे.